परिपाठ पुरे, बाकाचं बोला



मूल्यशिक्षणाचा धंदा जगभर तेजीत आहे. परिषदा भरतात, प्रबंध पडतात. आपल्याकडं रोज सकाळी परिपाठ होतो, फळ्यावर सुविचार झळकतो.

पण या संशोधकांच्या हाती लागलं काय? अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी पोरांना लबाडी करायची संधी देऊन पाहिली. अहवाल १९२८ ते १९३० मध्ये आले. नीतीचे धडे गिरवलेली पोरं बाकीच्यांपेक्षा काही फार प्रामाणिक निघाली नाहीत. १९५८ साली कोलबर्गनं नीतीची शिडी मांडली. कुणाला विचारून? शिकागोकडच्या मुलग्यांना. मुली कुठायत, हे १९८२ साली कॅरल गिलिगनला विचारावं लागलं. आपण तर कुणाच्या हिशोबातच नव्हतो. २०१० साली अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं चारित्र्य घडवणारे सात कार्यक्रम तपासले. एकूणात पोरांच्या वागण्यात फरक नाही. ऐंशी वर्षांच्या उपदेशाचा हा जमाखर्च!

फरक पडला तो दिल्लीत, आणि धड्यानं नाही. २००७ पासून तिथल्या श्रीमंत खाजगी शाळांना गरीब पोरांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञानं त्या श्रीमंत पोरांची परीक्षा घेतली. निबंध २०१९ साली छापून आला. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडा, म्हणाला. ज्यांच्या वर्गात गरीब पोरं होती, ती जोरात पळणाऱ्या गरीब पोराला कमी डावलत होती. पैसे वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा हातही सैल. काही शाळांत नावाच्या आद्याक्षरावरून गट पाडलेले. जिथं एका गटात काम करावं लागलं तिथं फरक ठळक. श्रीमंतांच्या पोरांचे इंग्रजीचे मार्क तेवढे थोडे घसरले, गणित-हिंदीचे नाही. घसरू द्या!

गरीब म्हणजे सगळे दलित नव्हेत, ठाऊक आहे. पण वेगळं बसवणं म्हणजे काय, हे आपल्याला दिल्लीच्या निबंधातून शिकायची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे. बोधकथा तेव्हाही असतीलच.

आणि आपलं सरकार? शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळांत २५ टक्के जागा दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगीवाले मोकळे. म्हणजे शहरातल्या बहुतेक शाळांची सुटका. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला, म्हणून वाचलो. बाक काढून घ्यायला निघालेल्यांनी परिपाठातलं एक अक्षरही कमी केलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा कामाला लागा. तुमच्या वस्तीतली जी पोरं या जागांवर गेली त्यांना विचारा : तुकडी वेगळी आहे का? बाकावर शेजारी कोण? डबा कुणाबरोबर खाता? सहलीला नेतात का? पोराचं नाव लिहू नका, उत्तरं लिहा आणि पाठवा. पुढचा अंक त्यासाठी मोकळा ठेवलाय.

जय भीम!