पुण्याच्या फुटपट्टीने नागपूरच्या बायका

व्हिक्टोरिया राणी आणि एडवर्ड राजाच्या काळातल्या नागपूरच्या कर्तबगार स्त्रियांचा विषय काढला की समोरचा आधी हसतो, मग यादी वाचतो. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत पुण्यात सावित्रीबाई फुले होत्या, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन होते, आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. तुमच्याकडे कोण होते? यावर आमचे नागपूरकरही मुकाट्याने मान डोलावतात, हे अधिक खटकते.

प्रश्नातच खोट आहे. शाळा काढली, पुस्तक लिहिले, व्याख्यान दिले की बाई कर्तबगार, हे माप पुण्या-मुंबईच्या छापखान्यांनी ठरवले. त्या मापानेही विदर्भ अगदीच कोरा नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. पुस्तक 1882 मध्ये पुण्यात छापले गेले. बुलढाणा वऱ्हाडात, म्हणून ताराबाईंना नागपूरच्या खात्यावर घालण्याची लबाडी मी करणार नाही. नागपूरचे खाते वेगळे आहे आणि त्याचे पहिलेच पान वादग्रस्त आहे.

ते पान बाकाबाई भोसले यांचे. दुसऱ्या रघूजींची ही राणी. 1818 मध्ये नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले आणि कारभार बाकाबाईंच्या नावाने सुरू झाला. खरी सूत्रे इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स याच्या हाती होती. तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस नाही म्हणून नागपूर खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पोचले. सामान हलवायला माणसे आली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाकाबाईंनी वाड्याला आग लावण्याची धमकी दिली. दुसरीकडे दाद मागण्यासाठी लंडनला माणसे धाडली. एवढे करणारी बाई आमच्या आठवणीत मात्र एकाच शब्दाने उरली: फितूर.

आक्षेप खोटा नाही, तो नीट मांडू. 1857 च्या जूनमध्ये नागपुरातल्या पलटणीत उठावाची तयारी होती. बाकाबाईंनी आपल्या आप्तांना आणि आश्रितांना बजावले की कोणी दंग्यात पडला तर मीच त्याला इंग्रजांच्या हवाली करीन. उठाव फसला, माणसे फासावर गेली. झाशीही डलहौसीच्या त्याच खालसा धोरणाखाली, त्याच 1854 साली गेली होती आणि लक्ष्मीबाई लढल्या. मग बाकाबाईंची बाजू कोण घेणार?

बाजू घ्यायची नाही, हिशेब पाहायचा आहे. बाकाबाईंनी आयुष्यात नागपूरचे राज्य दोनदा बुडताना पाहिले होते, एकदा 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईने आणि एकदा डलहौसीच्या कागदाने. तलवारीने काय होते हे त्यांना तरुण शिपायांपेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांना घराणे टिकवायचे होते आणि ते त्यांनी टिकवले: त्या 1858 मध्ये वारल्या, पण पुढे इंग्रजांनी घराण्याने दत्तक घेतलेल्या जानोजींना देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता दिली. फासावर गेलेल्यांच्या दृष्टीने ही किंमत भयंकर होती, आणि ती दुसऱ्यांनी मोजली. तेवढा दोष त्यांच्या माथी राहतोच. पण राजकारण करणाऱ्या पुरुषाला आपण ‘मुत्सद्दी’ म्हणतो, अगदी त्याचे चुकले तरी. बाईने तेच केले की तिचे सगळे चरित्र एका शिवीत आटोपते. नाना फडणविसांचे मोजमाप झाशीच्या राणीशी कोणी करीत नाही. बाकाबाईंचेच का?

दुसरे उदाहरण घेतले की पूर्वपक्ष आणखी गडबडतो, कारण तिथे राजवाडाही नाही आणि पुस्तकही नाही. जाईबाई चौधरी 1892 मध्ये उमरेडला, महार कुटुंबात जन्मल्या. 1896 च्या दुष्काळाने घर नागपूरला आले. 1901 मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया वारली त्याच साली, नऊ वर्षांच्या जाईबाईंचे लग्न झाले. पुढे त्या नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहू लागल्या. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी ही हमाली करणारी मुलगी हेरली आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमली. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला. नोकरी गेली, ओझी पुन्हा डोक्यावर आली.

इथे कोणी म्हणेल की जाईबाईंनी काढलेली संत चोखामेळा कन्या शाळा 1922 ची आहे, एडवर्ड राजा तर 1910 मध्येच वारला. मग त्या या काळात कशा बसतात? शाळेच्या उद्घाटनापासून चरित्र सुरू करायचे असेल तर नाही बसत. पण माणूस पाटी लावण्याच्या दिवशी जन्मत नाही. त्या शाळेची जिद्द कामठीच्या रस्त्यावर आणि बहिष्कृत वर्गात घडली. त्या काळात पुण्यात कोणी व्याख्यान दिले तर ते वर्तमानपत्रात यायचे. ओझ्याखाली चाललेल्या मुलीची बातमी कोण छापणार?

मिशनचा उल्लेख झाला की ‘धर्मांतराचा डाव’ म्हणून विषय झटकणारेही भेटतात. ग्रेगरीबाईंच्या हेतूवर खुशाल शंका घ्या. पण त्या चार रुपयांच्या नोकरीवर बहिष्कार घालणारे मिशनरी नव्हते, आपलेच पालक होते.

आणि ज्यांना वाटते की सुशिक्षित स्त्रियांची चळवळ आली आणि अशा सगळ्याजणी आपोआप तिच्यात सामावल्या, त्यांनी नागपूरचेच 1937 चे अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन पाहावे. तिथे जाईबाईंसारख्यांना जेवायला वेगळे बसवले गेले. 1 जानेवारी 1938 रोजी नागपूरच्या दलित स्त्रियांनी स्वतंत्र सभा भरवून त्याचा जाहीर निषेध केला.