घरचा भेदी

विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची वार्ता आली की मुदखेड तालुक्यातील गोदाकाठची माणसे दूरचित्रवाणीकडे डोळे लावून बसतात. गुरे हलवावयाची की थांबावयाचे, हे पडद्यावर सरकणाऱ्या ओळी पाहून ठरते. ती ओळ एखाद्या उपद्व्यापी इसमाने घुसडलेली असली, किंवा ऐन वेळी पडदाच काळा पडला, तर त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

ही भीती अनाठायी नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात एका वाहिनीच्या आणीबाणी-सूचना यंत्रणेत परक्यांनी शिरकाव केला आणि मृत माणसे थडग्यांतून उठत असल्याची सूचना प्रसारित केली. त्या सुमारास इतरत्रही असेच घडले. आणि यंत्राबरोबर आलेला परवलीचा शब्द बदलण्याचे कष्टही काही केंद्रांनी घेतले नव्हते, असे उघडकीस आले! ८ एप्रिल २०१५ च्या रात्री पॅरिस येथील टीव्ही५मोंद या संस्थेच्या बाराही वाहिन्या बंद पाडण्यात आल्या. नव्या वाहिनीच्या शुभारंभामुळे तंत्रज्ञ त्या दिवशी कचेरीत हजर होते. त्यांतील एकाने बाधित यंत्राची जोडणी तोडली, म्हणूनच संस्था बचावली.

परदेशच्या या गोष्टी ऐकून आपण निर्धास्त राहण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या मालिकेचा एक भाग प्रक्षेपणापूर्वीच जगभर फुटला, आणि त्यावर खूण होती ती स्टार इंडियाची. मुंबईत चौघांना अटक झाली. मालिकेचे भाग साठविण्याचे व त्यांवर प्रक्रिया करण्याचे काम ज्या कंपनीकडे होते, तिच्याच आजीमाजी नोकरांवर हा आरोप आला. येथे कुलूप तोडण्याची गरजच पडली नाही. किल्ली घरातच होती.

आज एका वाहिनीचे काम संकलन, साठवण, उपग्रह-जोडणी असे अनेक कंत्राटदारांच्या हातून जाते. पॅरिसच्या प्रकरणातही शिरकावाची एक वाट कॅमेरे पुरविणाऱ्या संस्थेतून गेलेली होती. तेव्हा वेशीवर पहारा वाढवून भागणार नाही. प्रक्षेपणाची यंत्रे कचेरीच्या संगणकांपासून अलग ठेवावीत. नोकरी सुटताक्षणी त्या माणसाचा प्रवेश बंद व्हावा. कंत्राटदारालाही तेच नियम लागू असावेत, हे किमान पथ्य होय.

एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत सरकारला द्यावी लागते. ते ठीकच झाले. परंतु प्रेक्षकाला कोण सांगणार? खोटी सूचना प्रसारित झाल्यास त्याच पडद्यावर, तितक्याच ठळकपणे कबुली देण्याचे बंधन वाहिन्यांवर असले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. फुटलेल्या मालिकेचे नुकसान रुपयांत मोजता येईल. पुराच्या रात्री गेलेला विश्वास कोणत्या मापाने भरून काढणार?