चाक बदलावे की दुरुस्त करावे?

विजेवर चालणाऱ्या सायकलीची चर्चा बॅटरीपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. एकदा भारित केल्यावर ती किती अंतर जाईल, चढ किती सहज चढेल, हे ग्राहक आवर्जून विचारतो. मागच्या चाकाच्या पोटात दडलेल्या गिअरची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. नेदरलंड्स आणि जर्मनी या सायकलप्रेमी देशांत शहरी वापराच्या असंख्य विद्युत सायकलींना असा ‘हब गिअर’ असतो. काही वर्षांनी तो कुरकुरू लागतो, चढावर पायडल एकाएकी सटकते, आणि दुकानदार शांतपणे सांगतो : “आता पूर्ण चाकच बदला.” हा सल्ला व्यवहारी आहे की केवळ सोयीचा, याचा विचार करावयास हवा.

बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा सायकलीच्या चाकाला हब. त्यात मध्यभागी एक दातेरी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे अशी रचना असते. यांपैकी कोणाला जखडून ठेवायचे आणि कोणाला फिरू द्यायचे, यावर वेग ठरतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्टर्मी-आर्चर’ या नावाने तीन गतींचे हब बनू लागले. १९३६ साली आलेला त्यांचा ‘एडब्ल्यू’ हा हब साधेपणाचा आदर्श मानला जातो. त्याच्या कवचावर निर्मितीचे वर्ष कोरलेले असे. खटके, स्प्रिंगा, छर्रे सुटे मिळत आणि गावातला कारागीर तो उघडून पुन्हा जोडून देई. इ. स. २००० मध्ये ही कंपनी विकली गेली आणि उत्पादन तैवानला गेले. तरीही तिचे कित्येक जुने हब आजही रस्त्यावर फिरत आहेत.

मग आजचा हब लवकर का थकतो? एक कारण स्पष्ट आहे. सामान्य माणूस सायकल चालविताना दीर्घकाळ साधारण शंभर वॉट शक्ती देऊ शकतो. युरोपातील नियमानुसार विद्युत सायकलीची मोटर २५० वॉटची असू शकते. मोटर पायडलपाशी बसविलेली असेल, तर माणसाचे आणि यंत्राचे एकत्रित बळ साखळीतून थेट या नाजूक दातेरी चाकांवर येते. त्यातच जोर न सोडता गिअर बदलला, की खटक्यांवर आघात होतो. मोटर पुढच्या चाकात असेल, तर मागच्या हबवर हा भार पडत नाही. एवढी साधी गोष्ट खरेदीच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘बिघडला’ म्हणून टाकून दिला जाणारा प्रत्येक हब खरोखर बिघडलेला असतोच असे नाही. गिअरची तार किंचित ताणली गेली, तर गिअर अर्धवट बसतो आणि सटकतो. शिमानोच्या सात-आठ गतींच्या हबवर याचसाठी रंगीत रेषा आखलेल्या असतात. चौथ्या गिअरमध्ये त्या समोरासमोर आणल्या, की दोष अनेकदा नाहीसा होतो. हे काम काही मिनिटांचे. मात्र दुर्लक्ष केले, तर अर्धवट बसलेला गिअर आतील दाते खाऊन टाकतो. दुसरी पायरी तेलाची. शिमानो आपल्या आठ गतींच्या हबला साधारण दोन वर्षांनी अथवा पाच हजार किलोमीटरनंतर तेल द्यावयास सांगते. चौदा गतींच्या जर्मन ‘रोहलॉफ’ हबचे तेल पाच हजार किलोमीटरनंतर, निदान वर्षातून एकदा तरी बदलावे लागते. तिसरी पायरी अंतर्भाग बदलण्याची. अनेक हबांचा गाभा एकसंध बाहेर काढून नवा बसविता येतो. कवच, आरे आणि रिम जागच्या जागी राहतात. पूर्ण चाक बदलणे ही शेवटची पायरी होय. आपल्याकडे मात्र या शेवटच्या पायरीलाच पहिली मानण्याची घाई दिसते.

यावर दुकानदारांचेही एक म्हणणे आहे आणि ते अगदीच निराधार नाही. युरोपात मजुरी महाग आहे. एखादा हब उघडून दोष शोधण्यात दोन-तीन तास गेले, तर ते मोल नव्या गाभ्याच्या किमतीजवळ जाते. दाते तुटलेले असतील आणि तो भाग मिळत नसेल, तर बदल हाच शहाणपणा ठरतो. परंतु तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, तपासणीऐवजी नव्हे. नवे चाक घेतानाही आसाची रुंदी, गिअरची मूठ आणि आस फिरू न देणारे वॉशर जुळले नाहीत, तर एका खर्चातून दुसरा खर्च जन्माला येतो.

कायद्याने या प्रश्नाची अर्धीच दखल घेतली आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार अशा वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिराला बदलता आली पाहिजे. ही तरतूद १८ फेब्रुवारी २०२७ पासूनची. पण ती बॅटरीपुरती आहे, हबच्या सुट्या भागांबाबत ती बंधन घालीत नाही. भारत सरकारनेही २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांवर त्याचा भर आहे.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. आपल्याकडच्या अनेक विद्युत सायकलींत मोटरच चाकाच्या हबमध्ये असते आणि तिच्या पोटातही तीच सूर्य-ग्रहांची रचना, बहुधा नायलॉनच्या चाकांची. ती झिजली की मोटर आत घरघरते, पण चाक ढिम्म हलत नाही. दोष मूठभर नायलॉनचा, आणि टाकून दिली जाते सुस्थितीतील मोटर. चाकाचा आऊट काढणारा, सायकल ओव्हरऑइल करणारा कारागीर आपल्या पेठापेठांतून अजून आहे. त्याच्या बोटांत कसब आहे. त्याच्याकडे नाही तो सुटा भाग आणि त्या हबचे रेखाचित्र. या दोन गोष्टी देणे उत्पादकांना अशक्य नाही. ग्राहकांनी मात्र त्या खरेदीपूर्वीच मागितल्या पाहिजेत.

कल्हईवाल्याला दारात थांबविणाऱ्या आणि दसऱ्याला हत्यारे पुजणाऱ्या समाजाला दुरुस्तीची प्रतिष्ठा नव्याने शिकवावी लागू नये. वस्तू बिघडताच ती फेकणारे हात हळूहळू वस्तू घडविण्याचे सामर्थ्यही गमावतात. स्वावलंबनाची भाषा करणाऱ्यांनी म्हणूनच किती सायकली बनविल्या याबरोबरच किती दुरुस्त करू शकतो, याचाही हिशेब ठेवला पाहिजे.