पारपत्र एक, राष्ट्र दुसरे

सर जॉन स्ट्रॅची हा हिंदुस्थानात अनेक उच्च पदे भोगलेला इंग्रज अधिकारी. १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने, भारत नावाचे राष्ट्र नाही व कधी नव्हतेही, असे ठासून सांगितले. बंगाल व पंजाब यांच्यापेक्षा स्कॉटलंड व स्पेन एकमेकांना अधिक जवळचे, हा त्याचा दाखला. आमच्या विद्यापीठीय विद्वानांनी पुढे हाच पाठ पिढ्यान्‌पिढ्या गिरविला. परंतु दाखल्यातले स्कॉटलंड तर साहेबाच्या घरातलेच! त्या घराची आजची अवस्था काय?

स्कॉटलंडचे इंग्लंडशी ऐक्य १७०७ साली झाले, ते एका तहाने. पनामातील डेरियन वसाहतीच्या फसलेल्या साहसात देशाचे भांडवल बुडाले होते. भागधारकांची भरपाई व इंग्लंडच्या कर्जाचा वाटा उचलण्याचा मोबदला म्हणून सुमारे ३ लाख ९८ हजार पौंड देण्याचे ठरले आणि एडिंबरोच्या पार्लमेंटने स्वतःच्याच मतांनी स्वतःचा शेवट केला. रस्त्यावर मात्र लोक या तहाविरुद्ध खवळले होते.

आज कायद्याने स्कॉटिश नागरिकत्व असे काही नाही. १९८१ च्या कायद्याप्रमाणे सारेच ब्रिटिश. तरीही २०२२ च्या जनगणनेत ६५ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वतःस केवळ स्कॉटिश म्हणविले. त्याहून बोलका आकडा स्कॉटिश व ब्रिटिश असे दोन्ही म्हणविणाऱ्यांचा आहे. २०११ मध्ये ते १८ टक्के होते, ते ८ टक्क्यांवर आले. तीनशे वर्षांच्या सहवासानंतर ही गत!

फुटून निघू पाहणाऱ्यांचे तत्त्वज्ञान तरी निराळे आहे काय? २०१४ च्या सार्वमतात तेथे रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकासही मत होते. ग्लासगोत जन्मून लंडनमध्ये नोकरी करणाऱ्यास नव्हते. ५५ विरुद्ध ४५ टक्के असा निकाल लागून ऐक्य तेवढ्यापुरते बचावले. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लंडनच्या संमतीवाचून पुन्हा सार्वमत नाही, असा निर्णय दिला. एका बाजूस पारपत्र, दुसऱ्या बाजूस मतदारयादी; राष्ट्र म्हणजे दोघांनाही कागदच!

राज्य आणि राष्ट्र यांतील भेद न कळलेल्यांनीच आम्हांला राष्ट्रीयत्व शिकवावे, हा विनोद आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, तेव्हा काशीत होळकरांची राजवट नव्हती. बद्रीनाथाचा रावळ केरळातील नंबुद्री ब्राह्मण असतो. ही परंपरा कोणा पार्लमेंटच्या ठरावाने सुरू झालेली नाही. गंमत अशी की, काशी व बद्रीनाथ ही दोन्ही क्षेत्रे तेव्हाच्या वायव्य प्रांतात मोडत, आणि १८७४ ते १८७६ या काळात त्याच प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर हा स्ट्रॅची होता.