शिक्का नसलेले माप

किराणा दुकानातील तराजू, पेट्रोल पंपावरील वितरणयंत्र आणि रिक्षाचा भाडेमीटर ही तिन्ही साधने वैधमापनशास्त्र यंत्रणेच्या देखरेखीखाली येतात; २००९ च्या वैधमापनशास्त्र अधिनियमानुसार त्यांची ठरावीक मुदतीने पडताळणी होते, त्यांवर शिक्का मारला जातो आणि मापात फेरफार करणे हा गुन्हा ठरतो. जुन्या मोटारगाडीची किंमत मात्र ज्या एका आकड्यामुळे लाखभर रुपयांनी वर-खाली होऊ शकते, तो डॅशबोर्डवरील धावेचा आकडा कोणत्याही शिक्क्याविना आणि बहुतेक वेळा कोणत्याही नोंदीविना गिऱ्हाइकापुढे ठेवला जातो. वीस-पंचवीस रुपयांच्या भाड्याची काळजी घेणाऱ्या राज्ययंत्रणेने तीन-चार लाखांच्या व्यवहारातील मुख्य मापाकडे इतकी वर्षे पाठ फिरवावी, ही विसंगती शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन ग्रामीण तालुक्यांना विशेष महाग पडणारी आहे.

येथे शब्दांचा एक घोळ आधी निस्तरला पाहिजे. आपल्याकडे ‘मायलेज’ म्हणजे गाडी एका लिटरमध्ये किती अंतर जाते तो हिशेब; गाडी आजवर एकूण किती धावली याला बाजारात ‘रनिंग’ म्हणतात आणि ते मोजणाऱ्या उपकरणाचे नाव ओडोमीटर, म्हणजेच अंतरमापक. जुन्या गाड्यांत हे उपकरण गिअरबॉक्सपासून निघालेल्या तारेने फिरत असे, त्यामुळे ती तार सोडून ठेवणे किंवा आकड्यांची चाके हाताने उलटी फिरवणे एवढाच फसवणुकीचा मार्ग होता आणि अशा चाकांवरचे आकडे एका ओळीत नीट बसत नसल्याने जाणत्या मेकॅनिकच्या नजरेतून ते क्वचितच सुटत. आजच्या गाड्यांत धावेची नोंद मीटरच्या संचातील एका स्मृतिचिपमध्ये असते. ईईपीरॉम नावाची ही चिप बॅटरी काढली तरी नोंद विसरत नाही, परंतु नादुरुस्त मीटर बदलताना जुना आकडा नव्या संचात भरता यावा म्हणून तयार झालेली उपकरणे बाजारात मिळत असल्याने तीच चिप काही मिनिटांत नव्याने लिहिता येते आणि मागे ना ओरखडा राहतो ना वाकडा आकडा. ‘मीटर मागे घेणे’ या बोलीतील शब्दप्रयोगाआड दडलेली क्रिया ती हीच.

भातसा, तानसा आणि वैतरणा या जलाशयांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि मुंबई-ठाण्याने वापरून झालेल्या गाड्या त्याच्या उलट दिशेने वर येतात, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या, ॲपवरच्या टॅक्सीसेवेत दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर धावणाऱ्या किंवा भिवंडी-पडघ्याच्या गोदामांकडे फेऱ्या मारणाऱ्या गाड्या काही वर्षांनी विकायला निघतात, तेव्हा पिवळी पाटी उतरवून, खासगी नोंदणी करून आणि आकडा खाली आणून त्यांना ‘एकहाती, घरगुती वापराची’ असे नवे चरित्र चिकटवता येते. अशा गाडीच्या खरेदीदारांमध्ये वाशिंद-आसनगावच्या नोकरदाराबरोबरच रेल्वे नसलेल्या मुरबाडमधून कल्याणपर्यंत प्रवासी नेणारा चालक असतो आणि भाजीपाला बाजारात पोहोचवणारा शेतकरीही असतो. त्यांच्यासाठी ती गाडी हौस नसून पोटापाण्याचे साधन असते आणि तिच्यावर पतसंस्थेचे कर्जही असते.

किमतीतील तोटा हा या फसवणुकीचा फक्त वरवरचा भाग आहे. गाडीची देखभाल किलोमीटरवर बांधलेली असते: इंजिनातील तेल साधारणतः दर दहा हजार किलोमीटरला बदलायचे, आणि इंजिनाच्या झडपांची उघडझाप नेमक्या क्षणी घडवून आणणारा टायमिंग बेल्ट अनेक इंजिनांत लाखाच्या आसपास बदलायचा. सव्वा लाख धावलेली गाडी पंचावन्न हजारांची म्हणून विकली गेली, की नवा मालक ज्या दुरुस्तीची मुदत कधीच उलटून गेली आहे तिची आणखी काही वर्षे निश्चिंतपणे वाट पाहतो. सपाट रस्त्यावर हा निष्काळजीपणा एखादे वेळी खपून जातो. माळशेज किंवा कसारा घाट भरल्या गाडीने उतरताना झिजलेली ब्रेक डिस्क आणि थकलेला क्लच खोट्या आकड्याला जुमानत नाहीत.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा तिच्या बैलबाजारासाठी ओळखली जाते आणि तेथील खरेदीदार बैलाचे वय मालकाला विचारून थांबत नाही, तो जनावराचा जबडा उघडून दात पाहतो. दुधाचे दात असलेला तो आदत, कायमचे दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा आणि आठही दात पूर्ण झालेला जुळलेला, या क्रमात मालकाच्या शब्दाला साक्षीपुराव्यापुरतेच स्थान असते. ज्या मुलखात ही पारख पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरली आहे, तेथे मोटारगाडी घेताना फक्त तिच्या तोंडचा आकडा प्रमाण मानला जावा, हे जरा नवल आहे. गाडीलाही दात असतात. ते कुठे पाहायचे एवढेच माहीत करून घ्यावे लागते.

त्यांतील सर्वांत बोलका दात म्हणजे टायर. प्रत्येक टायरच्या कडेला चार अंकी निर्मितिसंकेत कोरलेला असतो आणि त्यातील पहिले दोन अंक आठवडा, तर पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. टायरचे आयुष्य वापरानुसार साधारणपणे चाळीस-पन्नास हजार किलोमीटरचे धरले जाते, तेव्हा २०१८ च्या गाडीचा मीटर अठ्ठावीस हजार दाखवत असेल आणि चारही टायर २०२२ चे असतील, तर मूळचे टायर इतक्या लवकर का उतरवावे लागले, या प्रश्नाचे पटणारे उत्तर विक्रेत्याकडून मिळालेच पाहिजे. डिकीतील स्टेपनी बहुधा मूळचीच असते, त्यामुळे तिच्यावरचा संकेत ताडून पाहण्यास उपयोगी पडतो. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांवरील रबर, चालकाच्या आसनाची दाराकडची कड, स्टिअरिंगच्या वरच्या भागावरची झिलई आणि गिअरच्या दांड्यावरचे पुसट अंक या खुणा स्वतंत्रपणे काही सिद्ध करत नाहीत, कारण आसनावर नवे कव्हर चढवणे आणि रबर बदलणे ही शे-पाचशे रुपयांची कामे आहेत. पण कमी धावलेल्या गाडीत या वस्तू नव्या का, हा प्रश्न त्या बदललेल्या वस्तूच उभा करतात.

झिजेपेक्षा लेखी पुरावा अधिक भक्कम असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी प्रत्येक वेळी आत घेताना जॉबकार्डावर किलोमीटर नोंदवले जातात आणि ही नोंद संगणकात गाडीच्या क्रमांकाशी जोडलेली राहते, म्हणून विक्रेत्यानेच आपल्या गाडीचा पूर्ण इतिहास तेथून काढून द्यावा, असा आग्रह खरेदीदाराने धरला पाहिजे. अपघाताच्या दाव्यावेळी विमा सर्वेक्षकाने केलेली नोंदही तितकीच उपयोगी असते. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाल्यामुळे आणखी एक साक्षीदार तयार झाला आहे आणि मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या शहापूरकरांसाठी तो फार मोलाचा आहे. समजा, एखादी गाडी दर आठवड्याला एकदा ठाणे-नाशिक जाऊन-येऊन करते आणि तिच्या फास्टॅग खात्यावर पडघा व घोटी या नाक्यांच्या नोंदी तशा दिसतात. एका फेरीचे अंतर २९० किलोमीटर धरले, तर केवळ या प्रवासातून वर्षाला पंधरा हजार आणि पाच वर्षांत पाऊण लाख किलोमीटर होतात. अशा गाडीचा मीटर अडतीस हजारांवर उभा असेल, तर वाद घालण्यासारखे काही उरत नाही. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही अशाच नोंदी मागे सोडू लागला आहे.

स्कॅनर जोडून इंजिन नियंत्रक, ब्रेकचे एबीएस आणि इतर भागांतील नोंदी मीटरशी ताडून पाहणे हा शेवटचा उपाय आहे. अनेक गाड्यांत धावेचा आकडा एकापेक्षा अधिक ठिकाणी साठवला जातो आणि फेरफार करणारा बहुतेकदा समोर दिसणारा तेवढाच बदलतो. तथापि प्रत्येक बनावटीत ही दुबार नोंद असतेच असे नाही, म्हणून स्कॅनर ‘स्वच्छ’ निघाला हा निर्दोषपणाचा दाखला समजू नये.

उलट बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. खासगी गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालते, हा ठोकताळा या भागात आंधळेपणाने लावता येत नाही. शहापूर गावातून आसनगाव स्थानकापर्यंत गाडी नेऊन पुढे लोकलने जाणाऱ्या माणसाची गाडी प्रामाणिकपणे वर्षाला दोन-तीन हजारच धावते, तर मुरबाडहून कल्याणला सुमारे ३० किलोमीटर रोज जाऊन-येऊन करणाऱ्याची अठरा हजारांपर्यंत सहज पोहोचते. कमी आकडा म्हणजे चांगली गाडी, हे समीकरणही तपासून घेण्यासारखे आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसर वेढला, तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा अंतरमापक खरा असला तरी त्यांच्या वायरिंगच्या अवस्थेबद्दल तो अक्षरही सांगत नव्हता.

एवढी शोधाशोध नागरिकाला करावी लागते, कारण राज्ययंत्रणेने ती सोपी करण्याचे मनावर घेतलेले नाही. मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० मध्ये चॅसिस क्रमांक असतो, इंजिन क्रमांक असतो, पण धावेच्या आकड्याचा रकाना नसतो. नोंदणीपत्रावर तो नाही. मालवाहू व प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता तपासणी करावी लागते, परंतु खासगी मोटार नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत अशा तपासणीला सामोरी जातच नाही. केंद्र सरकारने २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेद्वारे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र बंधनकारक केले, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले आणि विक्रेत्याच्या ताब्यातील गाडीच्या प्रत्येक फेरीची किलोमीटरसह इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याचेही बंधन घातले. हे पाऊल योग्य असले तरी ते गाडी विक्रेत्याच्या अंगणात उभी असेपर्यंतच्या काळाचे आहे, आणि फोनवर फोटो पाठवून व्यवहार जुळवणारा दलाल त्याच्या कक्षेत सहजी सापडत नाही.

हा प्रश्न सुटू न शकणारा नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये केंद्रीय कायदा करून मीटरमधील फेरफार गुन्हा ठरवला आणि विक्रीच्या वेळी आकडा लेखी देणे सक्तीचे केले. बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’ नावाचे प्रमाणपत्र विक्रेत्याला द्यावे लागते. तेथे गॅरेजपासून टायरच्या दुकानापर्यंत गाडीवर काम करणारा प्रत्येक व्यावसायिक आकडा सामायिक नोंदवहीत टाकतो, त्यामुळे मागे गेलेला मीटर त्या प्रमाणपत्रावर आपोआप उघडा पडतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने नियतकालिक तपासणीत ही नोंद घेण्याचे आणि फेरफाराला शिक्षा करण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. भारतात ‘वाहन’ ही संगणकप्रणाली तयार आहे, पीयूसी केंद्रे गल्लोगल्ली आहेत आणि गाडीची धूरतपासणी ठरावीक काळाने होतच असते. त्या वेळी मीटरचे छायाचित्र प्रणालीत चढवणे आणि हस्तांतरणाच्या नमुन्यात एक रकाना वाढवणे यासाठी नवा विभाग लागत नाही की नवी इमारत.

तोवर फसलेल्या खरेदीदाराला उपलब्ध कायद्यांवरच भिस्त ठेवावी लागते. जाणूनबुजून केलेली फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. विक्रेता व्यावसायिक असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, आणि स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी गाडी घेतलेला चालकही या कायद्याने ग्राहकच आहे. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीची गोष्ट अवघड असते. मी घेतली तेव्हाच मीटर असा होता, असे त्याने सांगितले की प्रश्न जाणीवपूर्वक कपटाचा न राहता अजाणता केलेल्या चुकीच्या कथनाचा होतो, आणि १८७२ च्या करार कायद्याचे कलम १९ अशा प्रसंगी खरेदीदारालाच विचारते, की साधारण दक्षतेने सत्य कळण्याजोगे असताना त्याने ते का तपासले नाही. म्हणूनच विसार देण्यापूर्वीच कागदावर गाडीचा क्रमांक, त्या दिवशीचा मीटरचा आकडा आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे हा आकडा खरा असून तो कधीही बदललेला नाही’ हे वाक्य विक्रेत्याच्या सहीनिशी घ्यावे, रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि जो विक्रेता तोंडाने आकड्याची शपथ घेतो पण लिहून देताना का-कू करतो, त्याच्या गाडीची चावी त्याच्याच हातात ठेवून परत यावे.