एमबीबीएस की बीयूएमएस? आधी दाखल्याचं बघा

बारावी सायन्सच्या मुलांचे पालक पहूरमध्ये मला हमखास विचारतात, "भाई, एमबीबीएस नाही जमलं तर बीयूएमएस तरी सहज मिळेल ना?" यातलं 'तरी सहज' मला खटकतं.

परीक्षा दोन्हींना एकच, 720 गुणांची नीट. 2024 मध्ये देशभरात 13 लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. पात्र होणं वेगळं, जागा मिळणं वेगळं. बीयूएमएसची यादी बरीच खाली उतरते, हे खरं. जळगावचं इकरा, अक्कलकुवा, मालेगावचं मन्सूरा ही कॉलेजंही आपल्या जवळची. पण दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी विषय हवा, नाहीतर त्या पातळीची उर्दूची परीक्षा पास हवी. मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांना हे ऐनवेळी कळतं. आणि आत गेल्यावर साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, एमबीबीएसइतकीच. पुढे सर्जन व्हायचं स्वप्न असेल तर दोन्ही वाटा सारख्या नाहीत, हेही मुलाला आधीच सांगा.

माझ्या मते आपली मुलं गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतात. तडवी अनुसूचित जमातीत आहेत. पिंजारी, मणियार, बागवान ओबीसीत. त्यांच्यासाठी पात्रता 50 ऐवजी 40 पर्सेंटाइल आणि कटऑफही वेगळा. मात्र जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढावा, तर त्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. गुरुजींनी विचारलं नाही, आजोबांनी सांगितलं नाही. त्याची किंमत नातीनं मोजायची!

अशा वेळी एका दाखल्यावर थांबू नका. आजोबांच्या भावांचे, आत्यांचे दाखले काढा. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत तपासा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल तर वंशावळीसह ती जोडा. पडताळणीला महिने लागतात, निकालानंतर हातात उरतात दिवस. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. क्लासची फी भरता त्याच आठवड्यात हा अर्जही भरा.