एका अक्षराचा फेर



मूळ खातेवही पेढीबाहेर जाऊ न देण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. हिशेब कोणाला दाखवावयाचा झाल्यास तेवढ्या पानाची नक्कल दिली जाते. आपल्या शरीरातील पेशींचा व्यवहारही जवळपास असाच चालतो.

पेशीच्या केंद्रकात डीएनए ही मूळ वही असते. ती ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेली आहे. एखादे प्रथिन तयार करावयाचे झाले की वहीतील तेवढ्याच मजकुराची नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर रायबोसोम नावाच्या कारखान्यात पोहोचते. तेथे तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचला जातो आणि त्या शब्दाप्रमाणे एकेक अमिनो आम्ल आणून माळेत ओवले जाते. असे एकूण ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ शब्द २० अमिनो आम्लांची नावे सांगतात, तर उरलेले ३ ‘माळ येथे संपली’ एवढेच सांगतात. हा शब्दकोश उलगडण्यातील कार्याबद्दल हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी २००९ मध्ये तो मान मिळालेल्यांपैकी एक, वेंकटरामन रामकृष्णन, हे तर आपल्या शेजारच्या बडोदा विद्यापीठाचे पदवीधर.

हे सारे दूरच्या प्रयोगशाळेतले वाटेल; परंतु त्याचा परिणाम म्हसावदच्या बाजारपेठेत रोज दिसतो. सातपुड्याच्या या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा बांधवांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका माळेत १४६ अमिनो आम्ले असतात. तिच्या मजकुरात सहाव्या जागी ‘जीएजी’ हा शब्द हवा. या आजारात तेथे ‘जीटीजी’ असतो. फेर एकाच अक्षराचा. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन ओवले जाते. प्राणवायू कमी पडताच असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते आणि गोल, लवचिक रक्तपेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसच. म्हणून रक्तही कमी पडते.

नक्कल चुकली तर दुसरी काढता येते. मूळ वहीतील चूक मात्र प्रत्येक नकलेत उतरते आणि पुढच्या पिढीकडेही जाऊ शकते. सुदैवाने प्रत्येकाकडे या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून. एक प्रत शुद्ध असली की मनुष्य सहसा निरोगी राहतो. त्यास वाहक म्हणतात. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. येथे मागील शिल्लक पुढे ओढली जात नाही: पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

आता आपल्यापुरते दोन बोल. आपल्या दुकानांत, गोदामांत पोती उचलणारे अनेक हात याच बांधवांचे आहेत. हाडे दुखतात म्हणून एखादा वारंवार रजा मागू लागला, तर त्यास कामचुकार ठरविण्यापूर्वी रक्त तपासून घेण्यास सांगावे. पाण्याची कमतरता, थंडी, ताप आणि अतिश्रम यांनी ही वेदना बळावते. कामाच्या जागी भरपूर पाणी, विसावा आणि औषधासाठी रजा देणे आपल्या हाती आहे. रोग संसर्गजन्य नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही.

दुसरे असे की, हिमोग्लोबिनच्या त्याच माळेच्या मजकुरातील अन्य चुकांमुळे थॅलेसेमिया होतो, आणि तो कोणत्याही एका जातीपुरता नाही. त्यातही चारात एक हाच हिशेब लागू पडतो. व्यवहारापूर्वी समोरच्या पेढीची पत आपण पाहतोच. सोयरीक ठरविण्यापूर्वी मुला-मुलीच्या रक्ताचा अहवाल पाहण्यात संकोच कसला? दोघांपैकी एकच वाहक असेल तर विवाहास काहीच हरकत नाही. दोघेही वाहक असल्यास तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गरोदरपणाच्या प्रारंभीच्या महिन्यांत गर्भाची तपासणीही होऊ शकते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात आपला वाटा लहान, पण नेमका आहे: आपल्या नोकरवर्गास तपासणीसाठी एक दिवसाची भरपगारी रजा द्यावी, आणि घरातील उपवर मुला-मुलींचा अहवाल पत्रिकेसोबतच ठेवावा.